एसई-लिनक्समध्ये (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) यूजरला एस०-एस२ ही गोपनीयतेच्या पातळ्यांची रेंज दिली, तरी एस२ ची फाइल उघडत नाही. असं का?

रेंजचा खालचा आकडा ही यूजरची चालू पातळी असते आणि वरचा ही फक्त कमाल मर्यादा. त्यामुळे लॉगिन केल्यावर तो एस० वरच काम करतो आणि एस२ ची फाइल नाकारली जाते. एमएलएस (बहुस्तरीय सुरक्षा) पॉलिसी १९७० च्या दशकातल्या बेल-लापाडुला मॉडेलवर आधारलेली आहे. त्यात आपल्यापेक्षा वरचं वाचायचं नाही आणि खाली लिहायचं नाही. सरसकट वरच्या पातळीवर लॉगिन दिलं, तर त्याला एस० च्या साध्या फाइलमध्येही बदल करता येणार नाही, म्हणून सुरुवात खालून. दोन मार्ग आहेत:

- 'न्यूरोल' कमांडने सेशन एस२ वर नेणं. मात्र एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून केलेलं लॉगिन) हे सहसा अडवलं जातं, कारण ते टर्मिनल सुरक्षित मानलेलं नसतं.
- 'सेमॅनेज लॉगिन' ने रेंज थेट एस२ करणं. मग होम डिरेक्टरीची लेबलंही (फाइलींवरची पातळीची खूण) बदला, हेच लोक विसरतात.

फाइलवर कॅटेगरी, म्हणजे पातळीला जोडलेला गट, असेल (उदा. एस२:सी५ मधली सी५), तर पातळी जुळूनही उपयोग नाही, सी५ रेंजमध्ये हवी. आणि हे सगळं एमएलएस पॉलिसीपुरतं. नेहमीच्या टार्गेटेड पॉलिसीत एस० ही एकच पातळी असते.