शेळी उलटली नाही (पुन्हा माजावर आली नाही) म्हणजे ती गाभण राहिलीच, असे का समजू नये

बोकड दाखवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत शेळीच्या गर्भाशयातील जनुके आणि प्रथिने कशी बदलतात, आणि त्या माहितीचा गोठ्यात काही उपयोग आहे का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागावरून माझा आणि माझ्या थोरल्या काकांचा जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पदव्युत्तर अभ्यासात मी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावरच काम केले. कत्तलखान्यातून आणलेले गर्भाशय सलाइनने धुतले की त्या वयाचा गर्भ काचेच्या बशीत पांढरट, लांब सुतासारखा उतरतो. अस्तराचे तुकडे लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावे लागतात, नाहीतर आरएनए (कोणती जनुके चालू आहेत हे सांगणारा रेणू) तुटतो. हा एवढासा गर्भच इंटरफेरॉन-टाउ नावाचे प्रथिन स्रवतो आणि १७व्या दिवसाच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यामुळे अस्तरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राही (ते पकडणारी प्रथिने) तयार होत नाहीत, पीतपिंड विरघळवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा उठत नाहीत आणि अंडाशयावरचा पीतपिंड, म्हणजे गाभण टिकवणारे प्रोजेस्टेरॉन संप्रेरक बनवणारी गाठ, टिकून राहतो. आयएसजी-१५, एमएक्स यांसारखी, इंटरफेरॉनमुळे चालू होणारी जनुके याच काळात जागी होतात आणि ऑस्टिओपॉन्टिनसारखी प्रथिने गर्भाला अस्तराशी जोडण्यास हातभार लावतात.

काकांचे म्हणणे असे, की २१ दिवसांनी शेळी उलटली नाही की ती गाभण, त्यासाठी एवढे शिकावे कशाला? त्यांची एक उस्मानाबादी शेळी अशीच उलटली नाही, पोट वाढले, खुराक सुरू झाला आणि गाभण शेळीच्या भावाने सौदाही ठरला. मी सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर काळे पाणी आणि त्यात हलणारे पातळ पडदे होते, करडू नव्हते आणि वारेच्या गुंड्याही (वार गर्भाशयाला जिथे चिकटते त्या गाठी) नव्हत्या. काकांनी मशीनलाच दोष दिला. पुढे एका रात्री शेळीखालची जमीन पाण्याने भिजली, तेव्हा ‘गाभडली’ (गर्भ पडला) असा निर्वाळा त्यांनी दिला, तो आजतागायत कायम आहे. करडू पडले नाही, वार पडली नाही, तरी गाभडली कशी, याचे उत्तर मात्र मिळालेले नाही.

ही खोटी गाभण होती, म्हणजे करडू नसताना गर्भाशयात नुसते पाणी साठले होते. गर्भ इंटरफेरॉन-टाउचा संदेश पाठवून नंतर मेला, किंवा मुळात नसतानाही पीतपिंड टिकून राहिला, तरी माज येत नाही. म्हणून या अवस्थेत प्रोजेस्टेरॉनची चाचणीही फसते. वारेच्या पेशींतून येणाऱ्या पीएजी (गाभणपणाशी निगडित) प्रथिनांची चाचणी किंवा महिन्यानंतरची सोनोग्राफी, यांवरच विश्वास ठेवावा आणि त्याआधी गाभण म्हणून शेळी विकणे मला सरळ फसवणूक वाटते.

हेही सांगायला हवे, की वरील तपशिलांपैकी बरेचसे मेंढीवरच्या संशोधनातून आलेले आहेत, आणि एमएक्ससारखी जनुके विषाणूच्या संसर्गातही वाढतात, त्यामुळे केवळ त्यांवरून निदान करता येत नाही. खोट्या गाभणीवर प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन चालते, पण शेळीची गाभण अखेरपर्यंत पीतपिंडावरच टिकत असल्याने, खऱ्या गाभण शेळीला ते दिले तर ती खरोखरच गाभडेल.