माथा कुत्र्याला नको असतो

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. डोंगराच्या अर्ध्या चढावर तुझा कुत्रा बसला, तू खाऊ दाखवून त्याला उठवलेस, तो उठून चालला आणि माथा दिसू लागल्यावर पुन्हा बसला. सोबतचे लोक पुढे गेले, आणि तू आधी त्याच्यावर व नंतर स्वतःवर चिडत खाली आलास. आता तू विचारतोस की त्याचा दम वाढवण्यासाठी काय करावे, की त्याला डोंगरावर नेणेच सोडावे. या दोन्ही प्रश्नांत तू कुत्र्यालाच तपासतो आहेस. परतायचे कधी, हे ठरवणारा मात्र तू होतास, आणि त्याबद्दल पत्रात एक ओळही नाही.

मी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आलो आहे आणि तुलाही तीच सांगणार: कुत्रा थकून खाली बसण्याआधी मागे वळायचे. तो बसल्यावर वळणे ही माघार नव्हे, तो उशीर आहे. तुझ्या मागून चालत राहणे हाच त्याचा आनंद असल्याने दुखले तरी तो चालतो आणि तापला तरी चालतो. तू खाऊ दाखवल्यावर तो उठला, याचा अर्थ त्याच्यात ताकद उरली होती असा तू लावलास. त्याने फक्त तुझे ऐकले होते.

शरीराचा हिशोब नीट समजून घे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते आणि ते 41 च्या वर गेले की जिवाशी गाठ असते. घाम त्याला जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच येतो. चालताना वाढलेली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि हवा दमट असेल तर तोही उपाय लंगडा पडतो. म्हणून ऊन नसलेल्या पण कोंदट दिवशी अधिक सावध राहा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ चिकट झाली, सावली दिसेल तिथे तो रेंगाळू लागला की वळायचे. हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल अडखळली तर वळण्याची वेळ केव्हाच टळलेली असते. तेव्हा जागीच थांबून सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि मगच पशुवैद्याकडे न्यावे. ओले फडके अंगावर पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते.

आता उताराचे. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि उतरताना तो आणखी वाढतो. चढून थकलेल्या जनावराला परत नेण्याचा मार्ग त्याच्या खांद्यांवर आणि मनगटांवर भार टाकत जातो, ही गोष्ट माथ्याकडे डोळे लावलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. शिवाय तुझा कुत्रा मोठ्या जातीचा आहे आणि अजून वर्षाचाच आहे. अशा जातींच्या हाडांची वाढ पुरी व्हायला दीड वर्षाच्या आसपास लागू शकते. तोवर दम वाढवण्याचा विषयसुद्धा काढू नकोस. लहान, सपाट वाटा भरपूर असतात.

तू लिहितोस की वाट निर्मनुष्य होती म्हणून त्याला मोकळे सोडले होते. इथे मात्र मला राग आला. मोकळा कुत्रा पुढे धावतो, परत येतो, पुन्हा धावतो. तुझ्या एका चढात त्याचे कितीतरी जास्त अंतर होते आणि पहिल्याच तासात तो स्वतःला रिता करून घेतो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्याच्या चाहुलीनेही उडून जातात, हे वेगळेच. शांत वाटेवर तर दोरी अधिक हवी, कारण तिथे मदतीला कोणी नसते आणि तीस किलोचे जनावर उचलून खाली आणणे तुला एकट्याला झेपणार नाही. शांततेचा खरा फायदा एवढाच की त्याची धाप ऐकू येते. ती ऐकत चालायचे, गप्पा मारत नव्हे.

माझ्या या हट्टाची किंमत मी मोजली आहे, तीही सांगतो. ज्यांच्याबरोबर मी तरुणपणी डोंगर पालथे घातले, त्यांनी मला हळूहळू बोलावणे बंद केले. अर्ध्यातून परतणारा माणूस सहलीचा विचका करतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांच्या बाजूने ते खोटे नव्हते. त्यातल्या एकाची मैत्री तुटली याची हळहळ आजही आहे. पण मी वळलो ते बरोबरच होते. माझा कुत्रा म्हातारपणीही स्वतःच्या पायांनी हिंडला. कदाचित तो मुळातच काटक असेल, तरी या बाबतीत मी वाद घालणार नाही.

तेव्हा घरी ठेवण्याचा प्रश्न मिटला, तो येणारच. फक्त माथ्यावर जायचे असेल तेव्हा त्याला नेऊ नकोस, आणि त्याला नेशील त्या दिवशी माथा मनातून काढून टाक. निघण्यापूर्वी दगडावर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही तो सोसणार नाही. पाणी त्याने मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे देत राहा. वळण्याची वेळ घरूनच ठरव आणि सोबत्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे अर्ध्या वाटेत त्यांच्याशी हुज्जत घालावी लागणार नाही. ते नाराज झाले तर होऊ देत. आणि पुढच्या पत्रात तू कुठवर पोहोचलास ते लिहिले नाहीस तरी चालेल. कुठे वळलास आणि तेव्हा तो कसा होता, एवढे मात्र जरूर कळव.

तुझा,
एक जुना वाटसरू