नवा वॉटर-कूल्ड ब्रेक पकडत नसेल तर आधी हवा वाढवू नका

वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या तुमच्या स्लिटरवर, म्हणजे कागदाचे मोठे रोल चिरणाऱ्या मशीनवर, नवा पाण्याचा ब्रेक बसवून चार दिवस झाले, 3 बार हवा देऊनही कागद ढिला पडतोय आणि बसवणारा म्हणतोय "हवा वाढवा, आपोआप पकडेल", हे वाचून पोटात गोळा आला. हेच वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी इंदूरला, सांवेर रोडच्या आमच्या शेडमध्ये ऐकलं होतं. आमचा फिटर म्हणाला, "भिया, हवा बढ़ा दो." मी बढ़ा दी.

ब्रेकची रचना तुम्हाला ठाऊक आहेच, एका ओळीत सांगतो: हवेच्या दाबाने लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, तांब्याच्या प्लेटवर दाबला जातो, रोल अडून कागद ताणलेला राहतो आणि प्लेटमागून वाहणारं पाणी उष्णता घेऊन जातं. नव्या लायनिंगचा आणि तांब्याच्या प्लेटचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतो, पण सुरुवातीला थोडेच उंचवटे एकमेकांना टेकतात. म्हणून नवा ब्रेक ताकदीला कमीच पडतो. तो बिघाड नाही, लायनिंग अजून बसलेली नाही इतकंच. अशा वेळी हवा वाढवली की सगळी उष्णता त्या मोजक्या ठिकाणांतून जाते, लायनिंगमधलं रेझिन वर येऊन तिला चकाकी चढते आणि मग ती कधीच नीट पकडत नाही.

आता माझा पराक्रम. मे महिना होता. नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 पासून येतंय, पण आमच्या शेडच्या नशिबी बोअर आणि टँकर. पाणी निववून पुन्हा वापरायचा कूलिंग टॉवर नव्हता, ब्रेकचं पाणी सरळ नालीत जायचं. टँकरचे पैसे वाहून जाताना बघवेना, म्हणून मी बाहेरच्या लाइनवरचा वॉल्व्ह आवळला. गेजचा काटा वर चढला. मला वाटलं, वा, प्रेशर चांगलं आहे! गेज दाब दाखवतं, वाहणारं पाणी दाखवत नाही, हे शाळेत शिकलेलं तिथे विसरलो.

हिशोब तेव्हाच करायला हवा होता. 200 किलोचा ताण आणि मिनिटाला 300 मीटर वेग, म्हणजे साधारण 10 किलोवॅट. तीन किलोवॅटचे तीन गीझर एकदम लावल्यासारखं. ताण आणि वेग तेच ठेवले तर रोल भरलेला असो की संपत आलेला, उष्णता तेवढीच राहते. रोल लहान झाला म्हणून ब्रेकला आराम मिळत नाही. एवढी उष्णता वाहून नेताना पाणी 15 अंशांहून जास्त तापू द्यायचं नसेल तर मिनिटाला जवळपास 10 लिटर लागतं. नंतर वॉल्व्ह त्याच जागी ठेवून बादली धरली, तर 15 लिटरची बादली भरायला पाच मिनिटं लागली. मिनिटाला 3 लिटर! टाकीतलं पाणी 34 अंश, म्हणजे बाहेर पडताना 80 च्या वर. आमच्या पुस्तिकेत 65 ची मर्यादा छापलेली होती. पुस्तिका कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत.

त्यातच ब्रेक पकडत नाही म्हणून हवा 3 वरून 5 बारवर. दुसऱ्या दिवशी जळका वास आला, किंचाळी सुरू झाली आणि हवा सोडली तरी ब्रेक सुटेना. उघडून पाहिलं तर तांब्याची प्लेट पापडासारखी फुगलेली, मधे काळेनिळे डाग. आतून पाण्याचा कोंडलेला दाब, वरून उष्णता, पातळ तांबं बिचारं काय करणार? लायनिंग काचेसारखी गुळगुळीत. मशीन तीन आठवडे बंद राहिलं.

पुरवठादाराच्या सर्व्हिस ऑफिसचं नाव घेत नाही. पहिल्या मेलला उत्तर आलं, "रन-इनची नोंद पाठवा." म्हणजे नवी लायनिंग कमी हवेवर हळूहळू घासून बसवल्याची नोंद. अशी नोंद ठेवायची असते हे विकताना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मेलला वॉरंटी नाकारली. तिसऱ्यात मोठ्या मापाच्या ब्रेकचं कोटेशन! एकाही माणसाने विचारलं नाही की पाणी किती वाहतंय. चूक माझीच होती हे कबूल, पण तो एक प्रश्न विचारायला काय लागतं हो? असो, रक्तदाब वाढतो.

दुसऱ्या खेपेला मी जे केलं ते सांगतो. हा आमच्या ब्रेकचा अनुभव आहे. आकडे तुमच्या पुस्तिकेचे धरा, माझे नाही. पाणी खालच्या तोंडातून आत, वरच्या तोंडातून बाहेर, म्हणजे आत हवा अडकत नाही. बाहेरच्या लाइनवर वॉल्व्ह ठेवलाच नाही, पाणी डोळ्यांसमोर उघड्या नरसाळ्यात पडतं. आधी पाणी सुरू, मगच ब्रेक. टाकाऊ कागदाचा रोल लावून कमी वेगात 1 बारवर दहा मिनिटं घासू दिलं, मग पाच मिनिटं मोकळं. बाहेरचं पाणी 45 अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. मग अर्धा-अर्धा बार वाढवत गेलो. प्रत्येक टप्प्यावर हवा, तापमान, मिनिटं आणि लोडसेलवरचा (ताण मोजणाऱ्या सेन्सरवरचा) ताण वहीत. त्याच हवेला ताण वाढायचा थांबला की लायनिंग बसली समजायचं. आम्हाला दीड दिवस लागला. मालक तोंड वाकडं करून फिरत होते, फिरू दिलं.

मशीन थांबलं की पाणी लगेच बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा वॉल्व्ह) असेल तर तो काढा, हे माझं ठाम मत आहे. पाणी आणखी काही मिनिटं वाहू द्या. आणि कधी पाणी नसताना ब्रेक तापलाच, तर त्यावर एकदम गार पाणी सोडू नका, आपोआप निवू द्या. वाहणारं पाणी ओळखणारा फ्लो-स्विच लावून घ्या, पाणी कमी झालं की मशीन थांबलं पाहिजे. प्रेशर-स्विच त्या जागी चालत नाही, का ते वर आलंच.

सगळ्यात महत्त्वाचं खरं तर आधी लिहायला हवं होतं. तुमचा ब्रेक हवेने लागणारा असेल तर हवा गेली की तो सुटतो. कॉम्प्रेसर बंद पडला तर जंबो रोल मोकळा फिरतो. त्याच्या भरवशावर कुणालाही रोलजवळ हात घालू देऊ नका, रोल अडवायची वेगळी यांत्रिक सोय हवी. जुनी लायनिंग काढताना धूळ हवेने उडवू नका, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

पावसाळ्यात चिलरचं फार गार पाणी दिलं तर ब्रेकला बाहेरून घाम सुटतो, लायनिंग ओली होते आणि सकाळी पहिला तासभर ताण नाचतो. तुमच्याकडची दमट हवा बघता हे होणारच. आम्ही पाणी थोडं कोमट ठेवतो. बोअरचं पाणी असेल तर क्षार आतून बसतात, त्यासाठी वर्षातून एकदा प्रवाह मोजून मागच्या आकड्याशी ताडून बघतो.

तुम्ही 3 बारवर चार दिवस चालवलंय, म्हणजे लायनिंग अजून वाचलेली असू शकते. आज मशीन थांबवा, रोल अडवा, मग हवा काढा आणि टॉर्च लावून तांब्याचा रंग बघा. लालसर असेल तर कमी हवेवरून पुन्हा सुरुवात करा. काळंनिळं दिसलं तर चालवू नका. आणि बाहेरच्या पाण्याखाली बादली धरून ती किती वेळात भरते ते लिहा, ताण आणि वेगाचे आकडेही द्या. हिशोब मी इथून करून देतो.