रेकॉर्डिंग : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे
एकटा व्हायोला आणि नको असलेली खरखर

प्रश्न : व्हायोलावर (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खर्जातले वाद्य) लिगेती या संगीतकाराच्या सोलो सोनाटाचा पहिला भाग आणि शार्रीनो या संगीतकाराचे जेमतेम ऐकू येणारे हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले शिटीसारखे स्वर) घरच्या खोलीत रेकॉर्ड केले. आवाज वाढवला की मागे 'स्स्स' येतो. नवा माइक घ्यावा का? (वाचक, ठाणे)

उत्तर : थांबा. आधी 'स्स्स' कुणाचा ते ठरवा. माइक गाद्या-रजयांच्या कपाटात ठेवा, दार लावा आणि गेन (आवाज वाढवण्याची मात्रा) न बदलता एक मिनिट रेकॉर्ड करा. आवाज तितकाच राहिला तर दोष माइकचा किंवा त्याचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपचा. कमी झाला तर तो खोलीचा, आणि मग कितीही महागडा माइक आणला तरी तो तिथेच राहणार. गेन वाढवून काही साधत नाही, कारण व्हायोला आणि खोली दोन्ही सारखेच वर येतात.

दोष माइकचा निघाला, तर त्याच्या माहितीपत्रकातला 'सेल्फ नॉइज', म्हणजे माइकची स्वतःची खरखर, पाहा. छोट्या डायफ्रामच्या (ध्वनीने थरथरणाऱ्या पडद्याच्या) बऱ्याच माइकचा आकडा 13 ते 18 डेसिबल असतो, मोठ्या डायफ्रामच्या चांगल्या माइकचा 5 ते 8. एरवी हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण अशा संगीतात तोच उघडा पडतो.

दोष खोलीचा असेल तर पंखा, एसी, फ्रिज बंद करा आणि रात्री उशिरा वाजवा. जवळ जाण्याचाही उपयोग होतो : अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबल वाढतो, खोलीची घरघर मात्र तेवढीच राहते. पण 60 सेंटिमीटरच्या आत गेलात तर गजाची आणि श्वासाची प्रत्येक हालचाल समोर येते. घोडीजवळ (तारांना आधार देणाऱ्या लाकडी पट्टीजवळ) वाजवताना निघणारी काचेसारखी खरखर ही संगीतकाराने मागितलेली असते, नाकाचा श्वास त्याने मागितलेला नसतो. सुरुवात दीड मीटर अंतरावरून करा, माइक डोक्यापेक्षा थोडा उंच ठेवून वाद्याच्या वरच्या पाटीकडे वळवा. गज फार बोचत असेल तर माइक बाजूला सरकवा, ध्वनी जरा गडद होतो.

नोटेशनचा धातूचा स्टँड आडवा आणि खाली ठेवा, वर टॉवेल टाका. नाहीतर त्यावरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळून काही स्वर पोकळ करतो. पाने दोन स्टँडवर पसरा, म्हणजे उलटावी लागणार नाहीत. खर्जाची मोकळी तार 130.8 हर्ट्झची, तेव्हा 60 हर्ट्झच्या खालचे कापले तर रस्त्याची घरघर जाते आणि व्हायोलाला धक्का लागत नाही. तार उतरवून वाजवणार असाल तर मात्र फिल्टर लावण्याआधी नीट ऐका.

प्रश्न : लिगेतीच्या याच भागातले काही स्वर बेसूर वाटतात. एडिटिंगमध्ये आपोआप सूर लावणारे ट्यूनर लावू का?

उत्तर : अजिबात नको. हा अख्खा भाग खर्जाच्या तारेवर वाजतो, आणि लिगेतीने काल्पनिक 'एफ' तारेच्या नैसर्गिक स्वरमालिकेतले (हार्मोनिक्सच्या मालिकेतले) स्वर मुद्दाम घेतले आहेत. त्या मालिकेतला पाचवा स्वर पियानोच्या स्वरापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), सातवा 31 आणि अकरावा 49 सेंट खाली असतो. आपोआप सूर लावणारे सॉफ्टवेअर या तिन्हींना पियानोच्या पट्टीत ओढून नेते, मग तुकड्यात उरते काय? प्रत्येक टेकनंतर मोकळी खर्जाची ('सी') तार मात्र तपासा. पावसाळ्यात दमटपणाने खुंट्या फुगतात आणि सूर भरवसा देत नाही.

प्रश्न : बेरियो या संगीतकाराच्या व्हायोलासाठीच्या 'सेक्वेन्झा 6'मधले झपाट्याचे ट्रेमोलो (गज झरझर मागेपुढे करून वाजवलेले स्वर) एका दमात निभत नाही. वेगवेगळ्या टेकचा जोड कुठे द्यावा?

उत्तर : चालू ट्रेमोलोच्या मध्ये कधीच नको. गजाची दिशा, दाब आणि आधीच्या सुराची गुंज यांतले काहीतरी फसतेच. विरामात जोडा, किंवा जोराच्या आघाताच्या अगदी आधी, 10 ते 20 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक टेक विरत असताना दुसरा चढवणे) देऊन. दोन टेकमध्ये माइक हलवू नका, आणि रिकाम्या खोलीचा एक मिनिटाचा आवाज वेगळा घेऊन ठेवा. विरामातली पोकळी भरायला तोच लागतो.

कठीण पाने पहिल्या तासातच घ्या. हात दमला की गज हलका पडतो, आणि सकाळचा टेक दुपारच्या टेकला जोडला की वाद्यच बदलल्यासारखे वाटते. केस तुटतातच, म्हणून दुसरा गज राळ लावून तयार ठेवा. 24 बिटवर रेकॉर्ड करताना सर्वात जोराचा आघात मीटरवर उणे 12 डेसिबलपाशी येईल एवढाच गेन ठेवा.