आधी नक्कल

प्रिय,

रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला, "सर, वाय दाबू का?" सोबत स्क्रीनचा फोटो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपग्रेडनंतर मशीन इमर्जन्सी शेलवर (बिघाडात उघडणाऱ्या नुसत्या आज्ञांच्या पडद्यावर) येऊन अडकलेलं आणि एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) तपासून दुरुस्त करणारं साधन, एका आयनोडपाशी (एका फाइलीच्या नोंदीपाशी) तुझ्या होकाराची वाट बघतंय. मी फक्त "नको, बंद कर" एवढंच म्हणालो. तुला ते तुटक वाटलं असेल. झोप काही आली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

वाय दाबलं की डिस्कवर लिहिलं जातं. एफएससीकेला तुझ्या फाइलींशी देणंघेणं नसतं. फाइलसिस्टिमचा हिशेब जुळला की त्याचं काम झालं. तेवढ्यासाठी ते आख्खी डिरेक्टरी मोडीत काढेल. म्हणून आधी नक्कल.

2011 साली एका संस्थेच्या सर्व्हरवर मी हेच वाय दाबलं. पंचवीस-तीस प्रश्नांनंतर कंटाळलो आणि सगळ्याला एकदम होकार देऊन टाकला. मशीन सुरू झालं, लोकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी लॉस्ट अँड फाउंडमध्ये, म्हणजे एफएससीके बेवारस फाइली टाकतं त्या फोल्डरमध्ये, हजारो फाइली निघाल्या, नावाच्या जागी नुसतं # चिन्ह आणि आयनोडचा आकडा. त्यात एका संशोधक बाईंची तीन वर्षांची मुलाखतींची रेकॉर्डिंग होती. कुठला आवाज कोणाचा, हे त्या हेडफोन लावून एकेक फाइल ऐकत ओळखत होत्या. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. आणि त्याच खोलीतल्या कपाटात तेवढ्याच आकाराची कोरी डिस्क पडून होती.

चूक कर्नलची की डिस्कची, असं तू विचारतेस. अगं, ते आत्ता कशाला हवंय? 2018 मध्ये 4.19 कर्नलवर एक्स्ट-फोर, म्हणजे लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, खराब व्हायला लागलं, तेव्हा सगळ्यांचा संशय एक्स्ट-फोरवरच. दोष निघाला त्याच्या खालच्या ब्लॉक लेयरमध्ये (कर्नलचा डिस्कशी देवाणघेवाण करणारा भाग), दुरुस्ती आली 4.19.8 ला. कर्नल लिहिणाऱ्यांनाच ते शोधायला आठवडे लागले. आणि समज, दोष खरंच कर्नलचा असला, तर त्याच कर्नलवर दुरुस्ती करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणं. जुन्या कर्नलच्या लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे ज्यावरून थेट लिनक्स चालतं त्या पेनड्राइव्हवरून, मशीन चालू कर.

डिस्क माउंट करू नकोस, म्हणजे फाइली बघायला ती जोडू नकोस. रीड-ओन्लीच्या (फक्त वाचण्यापुरतं जोडण्याच्या) भरवशावरही राहू नकोस, तिथेच भलेभले फसतात. जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, अर्धवट नोंदी असतील तर एक्स्ट-फोर रीड-ओन्लीतसुद्धा त्या डिस्कवर उतरवतं. माउंट करताना नोलोड हा पर्याय दिला तरच थांबतं. सरळ डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं साधन) पूर्ण डिस्कची नक्कल काढ, मॅपफाइल, म्हणजे कुठवर नक्कल झाली याची नोंद, तिसरीकडे ठेव. मग त्या नकलेवर एफएससीके चालव, हवं तितकं वाय दाब. बिघडलं तर पुन्हा नक्कल काढता येते. मूळ डिस्क कपाटात.

दोन टेराबाइटला चार-पाच तास लागतील. साहेब ओरडतील. माझ्यावरही ओरडलेत, मी अडून बसतो, कामं रखडवतो, असं पाठीमागे बोलतात. बोलू देत. त्या बाईंच्या शेजारी हेडफोन लावून मी बसलोय, ते बसले नाहीत. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी मी हजारदा अडून बसेन.

माझ्याकडे चार टेराबाइटची कोरी डिस्क आहे. सकाळी दहाला घेऊन जा. तोवर मशीनचं बटण दाबू नकोस, आणि थोडं झोप.