घोरण्यावर तोंडातले कोणते साधन घ्यावे?

प्रश्न : यजमानांच्या घोरण्याने घरात कोणालाच झोप नाही. त्यांच्या खालच्या दाढा काढलेल्या आहेत. तोंडात बसवायचे कोणते साधन घ्यावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : खालचा जबडा किंचित पुढे धरून श्वासमार्ग मोकळा ठेवणारे साधन अधिक परिणामकारक असते, परंतु ते दातांच्या आधारावर बसत असल्याने पुरेसे दात आहेत का, हे दंतवैद्यांना आधी पाहावे लागेल, असल्यास गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायच्या स्वस्त साधनापेक्षा त्यांच्याकडून मापाचेच करून घ्यावे. जीभ पुढे ओढून धरणाऱ्या साधनाला दात लागत नाहीत, मात्र लाळ गळते, जीभ दुखते आणि बरेचजण ते लवकरच कपाटात टाकतात. झोपेत श्वास थांबून ते दचकून उठत असतील, तर खरेदीआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या सल्ल्याने झोपेची तपासणी करावी.