प्रदर्शनं झाली, कार्डं जमली, ऑर्डर नाही: योजना कमी पडते की वृत्ती?

प्रश्न थोडक्यात असा: निर्यात प्रोत्साहन योजनेतून दोन परदेशी प्रदर्शनं केली, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमला, ऑर्डर मात्र एकही आली नाही. मग योजनाच कुचकामी, की उद्योजकाची वृत्ती कमी पडली?

योजना पहिल्या पावलाचा खर्च कमी करते, एवढंच तिचं काम. ट्युनिशियात निर्यातदारांच्या खर्चात वाटा उचलणाऱ्या योजनेचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लाभार्थींची निर्यात सुरुवातीला इतरांपेक्षा वेगाने वाढली, माल नव्या देशांतही गेला. पण तीन वर्षांनी लाभार्थी आणि बाकीचे यांच्या निर्यातीच्या प्रमाणात आणि वाढीच्या वेगात लक्षणीय फरक उरला नव्हता. पेरूतल्या निर्यात प्रोत्साहनाच्या अभ्यासात परिणाम मुख्यतः नवे देश आणि नवी उत्पादनं यांत दिसला. म्हणून जुन्या ग्राहकाला भेटायला योजनेचे पैसे खर्च करू नका. ते नव्या बाजारासाठीच ठेवा.

वृत्ती म्हणजे नुसता उत्साह नव्हे. अभ्यासक ती साधारण तीन गोष्टींत मोजतात: नावीन्य, पुढाकार, जोखीम घेण्याची तयारी. व्यवहारात त्यांचा अर्थ साधा आहे. समोरच्या बाजाराला २५० ग्रॅमचं पाकीट हवं असेल तर ५०० ग्रॅमचंच रेटायचं नाही, हे नावीन्य. खरेदीदाराच्या चौकशीची वाट न पाहता त्याच्या हंगामाआधी नमुना पोचवणं, हा पुढाकार. जोखमीबाबत लोक सर्वात जास्त चुकतात. अनोळखी खरेदीदाराला ९० दिवसांच्या उधारीवर भरलेला कंटेनर पाठवणं हा जुगार झाला. छोटी पहिली ऑर्डर, ३० टक्के आगाऊ, उरलेले पैसे माल पाठवल्याची कागदपत्रं ताब्यात देताना, आणि पूर्ण बुडाली तरी धंदा उभा राहील एवढीच रक्कम अडकवणं, ही जोखीम.

ही वृत्ती शिकता येते, याचा मला सर्वात जास्त दिलासा वाटतो. टोगोमध्ये १,५०० लहान व्यवसायांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वतःहून पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सुमारे ३० टक्के वाढला. हिशेब-विपणनाच्या नेहमीच्या प्रशिक्षणाने सुमारे ११ टक्के, आणि तोही खात्रीने म्हणता येईल इतका नाही. तो प्रयोग निर्यातदारांवर नव्हता, पण कोणतं प्रशिक्षण मागायचं हे त्यावरून ठरवता येतं.

आता प्रदर्शनाकडे वळू. काम बिघडतं ते बहुधा स्टॉलच्या आधी आणि नंतर. आधी मालाचा सहा अंकी एचएस कोड (जागतिक वर्गीकरणातला मालाचा क्रमांक) घेऊन आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या ट्रेड मॅप या संकेतस्थळावर पाच वर्षांची आयात पाहा. आयात सलग वाढते आहे, आयात शुल्क झेपण्यासारखं आहे आणि पुरवठा एकाच देशाच्या हातात नाही, असे दोन देश निवडा. दोनच. प्रदर्शनाच्या सहा ते आठ आठवडे आधी चाळीस-पन्नास आयातदारांना लिहा आणि भेटीच्या वेळा ठरवूनच विमानात बसा. सोबत एक पानी दरपत्रक हवं: एफओबी (माल जहाजावर चढवण्यापर्यंतचा) आणि सीआयएफ (विमा आणि जहाजभाडं धरून) दोन्ही दर, किमान ऑर्डर, माल तयार व्हायला लागणारे दिवस, दर कधीपर्यंत कायम. दर नंतर कळवतो म्हणणाऱ्याचं कार्ड बहुतेक वेळा तिथेच हरवतं.

परतल्यावर ४८ तासांत प्रत्येकाला त्याच्याशी झालेल्या बोलण्याचा उल्लेख करून पत्र, दोन आठवड्यांत नमुना, मग ठरावीक अंतराने आणखी तीन-चार वेळा संपर्क. इथेच बहुतेक कंपन्या गळतात, कारण हे काम कोणाचं ते ठरलेलं नसतं. आठवड्याचे दहा तास आणि ठरावीक मर्यादेत दर कमी-जास्त करण्याचा अधिकार असलेला एक माणूस नेमा. प्रत्येक सवलतीसाठी मालकाची परवानगी लागत असेल तर उत्तर उशिराच जाणार.

मदतीच्या पैशातही अडचणी आहेत. बऱ्याच योजना खर्च झाल्यावर परतफेड करतात, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम हाताशी हवी. बोर्डिंग पास किंवा मूळ बिल हरवलं की दावा अडकतो. निर्यात पत विमा खरेदीदाराने पैसे बुडवले तर बहुतांश रक्कम देतो, पण मालाच्या दर्जावरून वाद निघाला तर तो मिटेपर्यंत दावा सहसा थांबतो. म्हणून मान्य नमुन्यावर दोघांच्या सह्या आणि जहाजात चढवण्याआधी तपासणी अहवाल घ्या. पतपत्र (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) असेल तर यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मूळ वाहतूक कागदपत्रं माल चढवल्यापासून २१ दिवसांत, आणि पतपत्राची मुदत संपण्याआधी, बँकेत द्यावी लागतात; पतपत्रातच कमी दिवस लिहिले असतील तर तेच लागू.

राहिला कार्डांचा गठ्ठा. तो टाकू नका. ज्यांनी दर किंवा नमुना मागितला होता ती कार्डं आधी काढा, प्रत्येक कंपनी आजही तो माल आयात करते का ते पाहा, आणि जी करते तिला या आठवड्यातच नव्या दरपत्रकासह लिहा. तिसऱ्या प्रदर्शनाचा अर्ज त्या उत्तरांनंतर करा.